टॉनिकची बाटली: अन्न, औषध की दारू?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. लोकलमध्ये ज्यांचा आवाज मध्येच तुटतो आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना जे घाईत निसटलं, ते इथे जरा सविस्तर लिहिलंय.

विषयाचं नाव आधी सांगितलं तर तुम्ही पुढे सरकाल, म्हणून आधी एक कोडं घालतो.

परदेशातून एक बाटली आली. २०० मिलिलिटर. आत गडद रंगाचं द्रव आहे: वनस्पतींचा अर्क, थोडी व्हिटॅमिन्स, किंचित लोह. लेबल म्हणतं की रोज दोन चमचे घ्या, तब्येत ठणठणीत राहील. आता न्हावा शेवाला कस्टम्सच्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न सोडवायचाय. ही वस्तू नेमकी काय आहे?

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? फरक पैशांचा पडतो, आणि पुढे बघाल तर जिवाचाही पडतो.

चार खण

जगातला जवळजवळ सगळा व्यापार एका मोठ्या यादीवर चालतो. तिचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टिम, आपल्याकडे सगळे तिला एचएसएन म्हणतात. जीएसटीच्या बिलावर वस्तूसमोर जो आकडा असतो ना, तोच. पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, चार अंक म्हणजे शीर्षक, आणि पुढे बारीक फोड होत जाते. भारतात ती आठ अंकांपर्यंत जाते.

आपल्या बाटलीसाठी चार खण उघडे आहेत. ३००४ म्हणजे औषध. २२०२ म्हणजे तयार पेय, बाटली उघडली की प्यायची. २२०८ म्हणजे स्पिरिटवालं पेय, मद्यार्क अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की ही शक्यता जागी होते. आणि २१०६ म्हणजे 'इतरत्र न सांगितलेले खाद्यपदार्थ'.

हा चौथा खण फार गमतीचा आहे. भारतीय टॅरिफमध्ये २१०६ च्या पोटात सरबत आहे, पानमसाला आहे, सुपारी आहे, कस्टर्ड पावडर आहे, मधुमेहींचं अन्न आहे. आणि २१०६ ९० ९२ या क्रमांकावर इंग्रजीत चक्क 'निर्जंतुक किंवा पाश्चराइज्ड जात्याचा दगड' असा अर्थ होणारी ओळ छापलेली आहे. मी ती तीनदा वाचली. प्रोग्रामिंग करणारे लोक ओळखतील, हा खण म्हणजे कोडमधला शेवटचा 'एल्स'. ज्याला कुठेच जागा नाही तो इथे येतो.

आता दर बघा. ३० जून २०१७ च्या ५०/२०१७ या नोटिफिकेशनच्या काळात औषधाला साधारण १० टक्के बेसिक कस्टम ड्युटी लागायची. २१०६ ९० ला मूळ टॅरिफमध्ये १५० टक्के लिहिलेले, सवलत धरून ५० टक्के. तीच बाटली, तेच द्रव. खण बदलला की कर पाचपट.

मग ही रेषा आखली कोणी? आणि कशाच्या भीतीने?

दारू मोजायची दारूने

सुरुवातीला सरकारला अन्न आणि औषध यांत काडीचाही रस नव्हता. त्याला रस होता स्पिरिटमध्ये.

ब्रिटनमध्ये मद्याची ताकद 'प्रूफ'मध्ये मोजायचे. जुनी पद्धत अशी सांगतात की बंदुकीच्या दारूवर मद्य ओतायचं आणि काडी लावायची. पेटली तर माल कडक, नाही पेटली तर पाणी घातलंय. मराठीत दोन्हीला दारूच म्हणतात, त्यामुळे हा प्रयोग आपल्या भाषेत जास्त शोभतो. पुढे बार्थोलोम्यू साइक्स याचा हायड्रोमीटर आला आणि १८१८ च्या कायद्याने तोच अधिकृत ठरला. 'लंडन प्रूफ' म्हणजे आजच्या हिशोबात सुमारे ५७ टक्के मद्यार्क.

हेच माप जहाजातून मुंबई आणि कलकत्त्याला आलं. १८९४ च्या इंडियन टॅरिफ ॲक्टखाली औषधात स्पिरिट असेल, तर त्यात लंडन प्रूफच्या ताकदीचं स्पिरिट किती आहे याला महत्त्व होतं. बाटलीवर खोकल्याचं औषध लिहिलंय की शक्तिवर्धक, हा मुद्दा दुय्यम. हायड्रोमीटर बुडवायचा, गॅलन मोजायचे, पैसे घ्यायचे.

यामागचा संशय अगदी साधा होता. औषध म्हणून येणारं प्रत्येक द्रव कदाचित दारूच असेल.

हा संशय खोटा नव्हता

अमेरिकेतलं पेरूना घ्या. ओहायोतल्या कोलंबस शहरात एस. बी. हार्टमन नावाचा डॉक्टर ते बनवायचा. सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर एकच उपाय, आणि आत मद्यार्क सुमारे २८ टक्के. चर्चला जाणारी, दारूला न शिवणारी माणसंही ते चमच्याचमच्याने घ्यायची आणि त्यांना खरंच बरं वाटायचं. का वाटायचं ते कळलंच असेल.

१९०५ साली सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने कॉलियर्स साप्ताहिकात या टॉनिकवाल्यांचं पितळ उघडं पाडलं. त्याच वर्षी मूळ निवासींच्या राखीव प्रदेशांत पेरूना विकायला बंदी आली. कर खात्यानेही सांगितलं की अशी टॉनिकं विकायची असतील तर दारू विक्रेत्याचा कर भरा. मग कंपनीने काय केलं? औषधात जुलाबाची द्रव्यं घातली! म्हणजे आता कोणी मजेसाठी ग्लासभर पिणार नाही. औषध औषधच आहे हे सिद्ध करायला ते पिणाऱ्याचं पोट बिघडवायचं. नियमातून पळवाट काढण्याचा याहून भारी नमुना मला तरी माहीत नाही.

मुंबई, १९५०

आता आपल्या गावात येऊ. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई प्रांतात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्यात 'लिकर'ची व्याख्या इतकी पसरट होती की मद्यार्क असलेलं प्रत्येक द्रव तिच्यात बसायचं. म्हणजे खोकल्याचं औषधही, आणि दाढीनंतर लावायचं कोलनही.

फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे एक गृहस्थ मुंबई हायकोर्टात गेले. त्यांनी अर्जात मागितलेल्या वस्तूंची यादी वाचण्यासारखी आहे. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर तर आहेच. पण पुढे औषधी वाइन आहे, ओ द कोलन आहे, लॅव्हेंडर वॉटर आहे, मद्यार्कयुक्त औषधं आहेत. शिवाय परदेशी मद्य कस्टम्सच्या सीमेपलीकडून आणण्याचा हक्कही मागितलाय. एका अर्जात चारही खणांची भेळ.

२५ मे १९५१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दारूबंदी मोठ्या प्रमाणात टिकली. पण औषधी आणि प्रसाधनाची मद्यार्कयुक्त द्रवं बाळगायला, विकायला आणि वापरायला केलेली मनाई कोर्टाने रद्द ठरवली. १९५२ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि नवी कसोटी आणली: नशेसाठी पिण्यालायक नसलेलं औषधी द्रव चालेल. आता पिण्यालायक आहे की नाही हे ठरवणार कोण? त्यासाठी तज्ज्ञांच्या मंडळाची सोय झाली. म्हणजे काही शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने बसून ठरवणार, की या टॉनिकने झिंग येते का.

हीच रेषा आपल्या राज्यघटनेतही होती. पिण्याच्या दारूवरचा उत्पादन कर राज्यांकडे, पण मद्यार्क असलेल्या औषधांवरचा आणि प्रसाधनांवरचा केंद्राकडे. त्यासाठी १९५५ चा वेगळा कायदा होता, तो पुढे २०१७ च्या जीएसटीत विरघळला. एकाच बाटलीवर दिल्लीचा हक्क की मुंबईचा, हे आतल्या द्रवाच्या नावावर अवलंबून होतं.

ब्रसेल्सची यादी

आतापर्यंत प्रत्येक देशाची यादी वेगळी होती. ही भानगड मिटवायचे प्रयत्न जुनेच. १९१३ च्या शेवटी ब्रसेल्समध्ये २९ देशांनी एका समान यादीवर सह्या केल्या: फक्त १८६ नोंदी, पाच गट. १९३१ मध्ये राष्ट्रसंघाने जिनिव्हा यादी काढली. १९५० मध्ये पुन्हा ब्रसेल्समध्ये करार झाला. आणि १४ जून १९८३ ला हार्मोनाइज्ड सिस्टिमचा करार होऊन १ जानेवारी १९८८ पासून ती लागू झाली. भारताने १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ ॲक्टमध्ये आधी जुनी ब्रसेल्स पद्धत घेतली होती, १९८६ मध्ये ही नवी.

आपल्या बाटलीचा निकाल या यादीतल्या एका टिपेत आहे. प्रकरण ३०, टीप १ (अ). ती सांगते की औषधांच्या प्रकरणात अन्न आणि पेयं येणार नाहीत. मग उदाहरणं: पथ्याचं अन्न, मधुमेहींचं अन्न, जीवनसत्त्वं घातलेलं अन्न, फूड सप्लिमेंट, टॉनिक पेयं, मिनरल वॉटर. आणि मग एक अपवाद: शिरेतून द्यायचं पोषण मात्र औषधात.

टिपा म्हणजे यादीची तळटीप नव्हे, बरं का. अर्थ लावायच्या सहा नियमांतला पहिलाच नियम म्हणतो की शीर्षकाचे शब्द आणि टिपा यांवरच वर्गीकरण ठरेल. त्यामुळे लेबलवर काहीही लिहा, टीप जिंकते.

मला ही टीप वाचताना तिच्यामागचा सगळा इतिहास दिसतो. एकीकडे औषधाच्या नावाखाली दारू विकणारे, दुसरीकडे औषधाच्या नावाखाली साखरेचं पाणी विकणारे. जग दोघांनाही कंटाळलं होतं. टीप १ (अ) म्हणजे त्या संशयाचं कायद्यातलं रूप. 'तब्येत छान राहील' एवढंच म्हणत असाल तर तुम्ही अन्न. नेमका आजार बरा करता किंवा टाळता हे दाखवा, मग बघू.

कोर्टात गेलेले थेंब

युरोपात यावर खटले झाले. एका स्विस कंपनीचे हॉथॉर्न या काटेरी झुडपापासून केलेले थेंब जर्मनीत आले. जर्मन अधिकारी त्यांना औषध मानायला तयार नव्हते. १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हे औषधच. कारण त्यांचा परिणाम शरीराच्या नेमक्या कार्यावर होतो, इथे हृदय आणि रक्ताभिसरणावर. पुढच्या खटल्यांत ही कसोटी पुन्हा पुन्हा वापरली गेली.

२००९ मधला खटला याच्या उलट बाजूचा. पुन्हा स्वित्झर्लंडहून जर्मनीत आलेला माल, या वेळी तेल भरलेल्या कॅप्सूल. एकीत ६०० मिलिग्रॅम माशाचं तेल आणि थोडं व्हिटॅमिन ई. प्रश्न असा की आत तेल आहे, तर तेलाच्या प्रकरणात का टाकू नये? न्यायालय म्हणालं, नाही. जिलेटिनचं कवच हे नुसतं पॅकिंग नाही, त्यामुळे डोस ठरतो, घ्यायची पद्धत ठरते, ही वस्तू सप्लिमेंट आहे हे ठरतं. म्हणून २१०६. लहानपणी नाक दाबून घेतलेलं कॉड लिव्हर ऑइल आठवतंय? नुसतं तेल असेल तर ते १५०४, औषध म्हणून तयार केलं तर प्रकरण ३०, आणि कॅप्सूलमधलं सप्लिमेंट असेल तर २१०६. मासा एकच.

आपल्याकडची कसोटी नागपूरने दिली. माल आयातीचा नव्हता आणि द्रवही नव्हता, वाद होता उत्पादन शुल्काचा. पण १९८६ पासून उत्पादन शुल्काची यादीही याच पद्धतीवर बेतलेली, म्हणून तो आपल्या कामाचा. बैद्यनाथचं लाल दंतमंजन आयुर्वेदिक औषध की टूथपावडर? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस तिला काय समजून विकत घेतो ते बघा. लोक तिने रोज दात घासतात, म्हणून टूथपावडर. पण २००६ मध्ये नागपूरच्याच प्युमा आयुर्वेदिकच्या खटल्यात बऱ्याच वस्तू औषध ठरल्या. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही म्हणून वस्तू औषध नाही असं होत नाही, हे कोर्टाने मान्य केलं.

इथपर्यंत सगळं मजेत चाललंय. कंपन्या आणि खाती भांडतायत, आपण पॉपकॉर्न घेऊन बघतोय. पण त्या टिपेत फूड सप्लिमेंटच्या शेजारीच 'पथ्याचं अन्न' हे शब्द आहेत. आणि काही लोकांसाठी ते पथ्य म्हणजेच उपचार असतो.

बर्मिंगहॅमची आई

फिनाइलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. जन्मजात आजार. प्रथिनांमधलं फिनाइलॲलनिन नावाचं अमिनो ॲसिड शरीराला पचवता येत नाही, ते साठतं आणि मेंदूला इजा करतं. म्हणजे दूध, डाळ, अंडं हे सगळं त्या बाळासाठी हळूहळू विष.

१९५१ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात एका चिमुरडीला हा आजार निघाला. त्यावर तेव्हा उपचार नव्हता. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या बाहेर येऊन उभी राहायची आणि विचारायची, माझ्या मुलीसाठी काय करणार आहात? हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटी दुधातल्या प्रथिनाचं विघटन करून, कोळशातून गाळून, त्यातलं फिनाइलॲलनिन काढलं आणि ते मिश्रण तिला द्यायला सुरुवात केली. काही महिन्यांत मुलगी रांगायला लागली, डोकं आपटून घेणं थांबलं, केस काळसर व्हायला लागले. हा आहाराचाच परिणाम आहे हे तपासायला डॉक्टरांनी आईला न सांगता फिनाइलॲलनिन परत मिसळलं आणि मुलगी झपाट्याने खालावली. १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये हे छापून आलं.

आता सांगा, ते मिश्रण अन्न की औषध? अमेरिकेत १९५८ मध्ये लोफेनालॅक नावाचं असं तयार अन्न बाजारात आलं तेव्हा ते औषध मानलं जायचं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला 'विशेष आहार' म्हणून अन्नाकडे सरकवलं, म्हणजे पालकांना ते लवकर आणि सहज मिळावं. १९८८ मध्ये 'मेडिकल फूड' अशी वेगळी व्याख्याच कायद्यात आली. डबा तोच, बाळही तेच.

इथे कस्टम्सच्या टिपेतला अपवाद पुन्हा आठवा. शिरेतून गेलं तर औषध. तेच पोषण तोंडातून गेलं तर ते अन्न आहे का, हा वाद सुरू. पेरूनावाल्यांना अडवायला आखलेली रेषा या बाळाच्या दुधाच्या बाटलीवरूनही जाते.

एक ओळ, २०२३

भारतात दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात पीकेयूसारख्या, खास आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांचा स्वतंत्र गट आहे. हे खास अन्न बरंचसं आयात होतं. अशा आजारांचा खर्च किती? सरकारच्याच निवेदनात होतं की १० किलो वजनाच्या मुलाचा काही आजारांवरचा वर्षाचा खर्च १० लाखांपासून १ कोटीच्या वर जाऊ शकतो, आणि वय, वजन वाढेल तसा वाढत जातो.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारने त्या धोरणातल्या सगळ्या दुर्मिळ आजारांसाठी, स्वतःच्या वापराकरता आणलेली औषधं आणि 'विशेष वैद्यकीय हेतूचं अन्न' या दोन्हींवरची बेसिक कस्टम ड्युटी पूर्ण माफ केली. अट एक: केंद्र किंवा राज्याच्या आरोग्य संचालकांचं, किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांचं प्रमाणपत्र.

या ओळीत औषध आणि अन्न शेजारीशेजारी उभे आहेत. खण बदलला नाही, टीप १ (अ) जशीच्या तशी आहे. सरकारने बाटली काय आहे हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ती कोणासाठी आहे हे विचारलं. कोड लिहिणारे याला पॅच म्हणतील. मूळ रचना जागतिक आहे, ती एकट्या दिल्लीला बदलता येत नाही, म्हणून वरून एक अट जोडली.

पॅचला मर्यादा असतातच. ज्या आजाराचं नाव यादीत नाही, त्याच्या रुग्णाला ही ओळ लागू नाही. कर्करोगाच्या उपचारात ज्याला गिळता येत नाही आणि जो महिनोन् महिने नळीतून जाणाऱ्या द्रव आहारावर जगतो, त्याचा डबा आयात झाला तर तो कुठल्या खणात गेला याचे पैसे त्याच्या घरचेच मोजतात.

माझं मत विचाराल तर जुना संशय अजूनही गरजेचा आहे. इन्स्टाग्रामवर रोज दिसणारी 'इम्युनिटी' सिरपं औषधाच्या खणात गेली, तर पेरूनाचा नातू घरोघरी येईल. पण संशयाने आखलेल्या रेषेला दार हवं, आणि ते दार रुग्णाच्या कागदावर उघडायला हवं, कंपनीच्या लेबलवर नाही. २०२३ ची ओळ असं एक दार आहे. ते आणखी रुंद करता येईल का, हा प्रश्न डॉक्टर, पालक आणि खासदार यांनी विचारण्यासारखा आहे.

आणि हो, तुमच्या ओळखीत कोणाच्या मुलाला असा दुर्मिळ आजार असेल आणि त्याचं अन्न बाहेरून येत असेल, तर त्यांना या सवलतीबद्दल आणि सिव्हिल सर्जनच्या प्रमाणपत्राबद्दल नक्की सांगा. या एपिसोडचा तेवढा उपयोग झाला तरी पुष्कळ.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर घरातल्या एखाद्या टॉनिकच्या बिलावरचा एचएसएन बघा, आणि तुमच्या बाटलीला कुठला खण मिळालाय ते मला कळवा.